समुद्राला वाया जाणारे पाणी



दरसाल पावसाळा भरात आला, खडकवासल्याचे दरवाजे उघडले आणि मुळा-मुठा दुथडी भरून मुंढवा-हडपसरच्या अंगाने वाहू लागली, की एक वाक्य आपल्या कानांवर हमखास येते. चहाच्या टपरीवर येते, सभेत येते, वर्तमानपत्रांतही येते. ते वाक्य असे : 'केवढे हे पाणी समुद्राला वाया चालले!' बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. उन्हाळ्यात टँकरमागे हंडे घेऊन धावणाऱ्याला पुराचे पाणी पाहून हळहळ वाटावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु या वाक्याच्या पोटात एक गृहीत गोष्ट दडलेली आहे. समुद्राला गेलेले पाणी म्हणजे फुकट गेलेले पाणी, हे ते गृहीत. ते कितपत खरे आहे, हे इतिहासाच्या आधाराने तपासून पाहावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. पगार, बोनस आणि बडतर्फी यांचे हिशेब मांडण्यात आमची हयात गेली. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयांत आणि अशाच व्याख्यानमालांच्या मागच्या बाकांवर. तेव्हा आमची मांडणी हिशेबाची राहिली तर श्रोत्यांनी नवल मानू नये. पाण्याचा एक जमाखर्च आहे, तसा त्या पाण्यात विरघळलेल्या मिठाचाही एक आहे. पहिला आपण सगळे जाणतो. दुसऱ्या वहीकडे सहसा कोणी पाहत नाही. आज ती दुसरी वही उघडावयाची आहे.

नद्या रात्रंदिवस समुद्रात पडतात, तरी समुद्र भरून वाहत नाही. आणि नद्या गोड असून समुद्र मात्र खारट. ही दोन कोडी माणसाला फार जुन्या काळापासून पडलेली आहेत. छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मिठाचा खडा पाण्यात टाकावयास सांगतो. दुसऱ्या दिवशी खडा दिसत नाही. पण वरचे, मधले, तळचे, कोणतेही पाणी चाखले तरी चव तीच. ऋषीला सांगावयाचे होते ते आत्म्याविषयी. परंतु विरघळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे, ही गोष्ट त्याने अचूक हेरली होती. त्याच अध्यायात पूर्वेकडच्या व पश्चिमेकडच्या नद्या समुद्रातून निघून समुद्रालाच मिळतात, असाही दृष्टांत येतो. कालिदासाने 'रघुवंशा'त राजाच्या करवसुलीला सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य पाणी शोषून घेतो तो हजारपटीने परत देण्यासाठी. सगळेच राजे असे नसतात, हा भाग वेगळा. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवले आहे, की समुद्राच्या पाण्याची वाफ थंड केली म्हणजे जे पाणी मिळते ते गोड असते.

म्हणजे कल्पना जुनी होती. मोजमाप मात्र फार उशिरा झाले. युरोपातल्या पुष्कळ विद्वानांची सतराव्या शतकापर्यंत अशी समजूत होती, की समुद्राचे पाणी जमिनीखालच्या भुयारांतून डोंगरांकडे चढते, वाटेत मातीत त्याचे मीठ गाळले जाते आणि ते झऱ्यांच्या रूपाने वर येते. पाऊस एवढ्याशा थेंबांचा. त्यातून एवढ्या थोरल्या नद्या वाहतील कशा, अशी त्यांची शंका. १६७४ साली पिएर पेरो या फ्रेंच गृहस्थाने सीन नदीच्या वरच्या खोऱ्यात पडणारा पाऊस आणि नदीतून वाहणारे पाणी यांचा मेळ घातला. पाऊस नदीच्या सुमारे सहापट निघाला. नदीला पुरून उरेल एवढे पाणी आकाशातूनच पडते, हे सिद्ध झाले. थोड्याच वर्षांनी इंग्लंडात एडमंड हॅली याने खारे पाणी भरलेले भांडे तापवून त्यातले किती पाणी उडून जाते ते तोलले, आणि त्यावरून भूमध्य समुद्रातून रोज केवढी वाफ उठत असेल याचा अंदाज केला. धूमकेतूमुळे ज्याचे नाव आपणांस ठाऊक आहे, तोच हा हॅली. पाण्याची वही अशी जुळली. समुद्रातून वाफ, वाफेतून ढग, ढगातून पाऊस, पावसातून नदी, नदीतून पुन्हा समुद्र.

आता मिठाची वही. ती समजण्यासाठी हडपसरच्या कामगाराला उपनिषदाकडे जावयास नको. बॉयलर हाउसपर्यंत गेले तरी पुरे. बॉयलरमध्ये पाणी घातले की वाफ नळीवाटे निघून जाते. पाण्यातले क्षार मात्र वाफेबरोबर जात नाहीत. ते मागे राहतात. पुन्हा पाणी घातले, पुन्हा वाफ गेली, पुन्हा क्षार मागे. म्हणून बॉयलर अटेंडंट ठरावीक वेळाने तळचा व्हॉल्व्ह उघडून साठलेले दाट पाणी सोडून देतो. त्याला ब्लोडाउन म्हणतात. हिशेबी मालकाला वाटेल, की तापवलेले पाणी गटारात चालले, केवढे हे नुकसान! पण तो व्हॉल्व्ह बंद ठेवला तर नळ्यांवर खपली धरते, कोळसा जास्त जळतो, आणि एके दिवशी नळी फुटून माणूस भाजतो. वाफ जाते, मीठ मागे राहते. आणि मागे राहिलेल्या मिठाला कोठेतरी वाट द्यावी लागते. एवढा एक नियम ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे सर्व सोपे आहे.

समुद्र हा असाच एक थोरला बॉयलर आहे. जूनमध्ये नैर्ऋत्येकडून येणारा वारा अरबी समुद्रावरची आणि त्याच्याही दक्षिणेकडच्या महासागरावरची वाफ घेऊन सह्याद्रीवर आदळतो. मीठ समुद्रातच राहिलेले असते, म्हणून पाऊस गोड. अगदी शुद्ध मात्र नव्हे. लाटांच्या तुषारांतून उडालेले मिठाचे बारीक कण ढगात असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू थेंबात विरघळतो आणि पाणी किंचित आम्ल बनते. या किंचित आम्ल पाण्यानेच पुढचा सारा इतिहास घडविला आहे.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा. पावसाचे पाणी त्याला हळूहळू झिजवते आणि त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम विरघळवून बरोबर नेते. विहिरीच्या पाण्याने किटलीच्या तळाशी जी पांढरी खपली बसते, काळ्या मातीत जे चुनखडीचे खडे सापडतात, ते याच झिजेचे अवशेष. नदी म्हणजे नुसते पाणी नव्हे. नदी म्हणजे विरघळलेला डोंगर वाहून नेणारी गाडी आहे.

ही गाडी हडपसरहून कोठे जाते? येथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. परंतु घाटमाथ्याच्या अलीकडे जमिनीचा उतार पूर्वेकडे आहे. मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर एकत्र येतात, मुंढवा-मांजरीवरून पुढे जातात आणि रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळतात. भीमा उजनीच्या जलाशयातून पंढरपुरास जाते आणि तेथे चंद्रभागा म्हणवून घेते. आषाढीच्या पालख्या हडपसरला येतात तेव्हा ज्ञानोबांची पालखी दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबांची लोणीच्या वाटेने जाते. मुळा-मुठेचे पाणी तिसऱ्या वाटेने त्याच पंढरपुरास जात असते. पुढे कर्नाटकात रायचूरच्या बाजूला भीमा कृष्णेत मिसळते आणि कृष्णा तेलंगण व आंध्र ओलांडून विजयवाड्याच्या खाली बंगालच्या उपसागरास मिळते. सव्वाशे किलोमीटरवरचा समुद्र सोडून हे पाणी हजार किलोमीटरहून अधिक चालते.

यात मौज अशी, की ज्या अरबी समुद्रातून ही वाफ उठली त्याचे पाणी बंगालच्या उपसागरापेक्षा खारट आहे. अरबी समुद्राच्या वरच्या थरात हजार भागांत सुमारे ३६ भाग क्षार असतात. उपसागराच्या उत्तर भागात ३३ हूनही कमी. एकीकडे वाफ अधिक आणि नद्या थोड्या. दुसरीकडे गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा अशा थोर नद्यांचे गोडे पाणी. भारताच्या दोन बाजूंच्या दोन समुद्रांच्या खारटपणात फरक पडावा, एवढे सामर्थ्य नद्यांत आहे.

आमच्या खोऱ्यातले थोडे पाणी मात्र पश्चिमेलाही जाते. आणि ते निसर्गाने नव्हे, माणसाने नेले आहे. मुळा नदीवर मुळशी येथे टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले तेव्हा १९२१ साली मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. जमिनी बुडाल्या, माणसे तुरुंगांत गेली, तरी धरण झाले. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुळशीचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली पडते, वीज निर्माण करते आणि कुंडलिका नदीने रोह्यावरून रेवदंड्याला अरबी समुद्रास मिळते. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. गिरणी कामगाराचा इतिहास लिहिणाऱ्याने मावळच्या बुडालेल्या भाताच्या खाचरांपासून सुरुवात करावी, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. असो. घाटमाथ्यावरच्या एकाच सरीचे दोन थेंब आज दोन वेगवेगळ्या समुद्रांना जातात, एवढे येथे नोंदवून पुढे जाऊ.

नदीचे पाणी आणि समुद्राचे पाणी यांत फरक किती? जगातल्या नद्यांची सरासरी घेतली तर एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार एक ग्रॅमच्या सुमारे दहाव्या भागाएवढे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम. म्हणजे समुद्र नदीपेक्षा सुमारे तीनशेपट खारट. परंतु फरक नुसता वजनाचा नाही, जातीचाही आहे. नदीच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट प्रमुख. समुद्रात सोडियम आणि क्लोराइड हे दोघेच एकूण क्षारांचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग व्यापतात. 'चॅलेंजर' नावाच्या इंग्रजी जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगातले महासागर धुंडाळले. त्या सफरीत गोळा केलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. कोणत्याही महासागरातले पाणी घ्या. खारटपणा कमीअधिक असेल, पण निरनिराळ्या क्षारांचे आपसांतले प्रमाण जवळजवळ तेच. श्वेतकेतूच्या भांड्यातली गोष्ट सगळ्या पृथ्वीच्या बाबतीत खरी ठरली.

मग नदीतले कॅल्शियम समुद्रात गेल्यावर होते काय? शिंपले, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव ते उचलतात, त्याची कवचे करतात, आणि मेल्यावर ती तळाशी साचून चुनखडक होतो. सोडियम आणि क्लोराइड यांना एवढे गिऱ्हाईक नाही. म्हणून ते साठून राहतात. क्लोराइडचा मोठा भाग तर नद्यांनी आणलेलाच नव्हे. पृथ्वी तरुण असताना ज्वालामुखींच्या वायूंतून तो बाहेर पडला आणि आरंभीच्या समुद्रातच उतरला. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ खोल समुद्राच्या तळाशी उष्ण झरे सापडले, तेव्हा पाणी आणि खडक यांचा व्यवहार समुद्राच्या तळाशीही चालतो, हे प्रत्यक्ष दिसले.

या जमाखर्चावरून पृथ्वीचे वय काढण्याचाही प्रयत्न झाला. १७१५ मध्ये हॅलीने सुचविले होते, की ज्या सरोवरांना पाणी बाहेर जाण्याची वाट नाही ती खारट असतात. तेव्हा त्यांच्यात मीठ किती वेगाने वाढते हे पाहिले तर जगाचे वय कळेल. १८९९ साली जॉन जोली या आयरिश शास्त्रज्ञाने तो हिशेब समुद्रासाठी केला. समुद्रात एकूण सोडियम किती आणि नद्या दरसाल किती आणतात, यांचा भागाकार करून त्याने आठ-नऊ कोटी वर्षे हे उत्तर काढले. खरे वय सुमारे साडेचार अब्ज वर्षे. चूक कोठे झाली? जोलीने जमेची बाजू पाहिली, खर्चाची पाहिली नाही. ताळेबंद वाचणाऱ्या कोणाही कामगार कार्यकर्त्याला ही चूक ओळखीची वाटेल. समुद्रातले मीठही बाहेर पडत असते. काही तळच्या चिखलात जाते, काही तुषारांतून परत जमिनीवर येते, आणि काही समुद्राची एखादी खाडी आटली म्हणजे थराथरांनी साचते. आपण उपासाला खातो ते सैंधव अशाच एका पन्नास कोटी वर्षांहून जुन्या समुद्राचे आटलेले मीठ आहे. आज ते पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून निघते.

हॅलीच्या खारट सरोवरांसाठी कॅस्पियनपर्यंत जावयास नको. बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. तेथे चारी बाजूंनी उंच कडा, आत झऱ्यांचे गोडे पाणी येते, बाहेर जाण्यास वाट नाही. ऊन पाणी नेते आणि क्षार मागे ठेवते. गावाच्या नावातच लोण म्हणजे मीठ आहे. जमिनीवरच्या पाण्याला समुद्राची वाट मिळाली नाही तर काय होते, याचा लोणार हा निसर्गाने घालून दिलेला धडाच होय.

आता आपण आपल्या गावी परत येऊ. कारण हा धडा हडपसरच्या आणि नीरेच्या काठच्या शेतकऱ्याला वेगळ्या मार्गाने शिकावा लागला. कॅप्टन फाइफ याच्या योजनेप्रमाणे मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याचा उजवा कालवा पुण्यातून हडपसर, लोणी, यवत असा पूर्वेकडे निघाला. या धरणाच्या कामावर साहित्य पुरविणाऱ्या कंत्राटदारांत महात्मा जोतीराव फुले होते, आणि मांजरीला त्यांची शेती होती. कालव्याचे राजकारण त्यांनी जवळून पाहिले होते. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी दोन गोष्टी आवर्जून मांडल्या. डोंगरउतारावर बांध-ताली घालून पावसाचे पाणी जागच्या जागी मुरवावे, ही एक. आणि कालव्याचे पाणी शेतकऱ्याला तोटीने, मापात मिळावे, ही दुसरी. त्या ग्रंथाचा काही भाग ज्या 'दीनबंधू'त आला त्याचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. गिरणी कामगारांची पहिली संघटना १८८४ साली उभारणारे ते हेच. आमच्या चळवळीचा उगम आणि पाण्याचा प्रश्न हे असे एकाच काळी, एकाच वर्तुळात निघाले आहेत.

तोटीची सूचना कोणी मनावर घेतली नाही. पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर आकारली जाई, पाण्याच्या मापावर नव्हे. साहजिकच ज्याच्या हाती चारी आली तो उसाला भरपूर पाणी देई. कालवाही पाझरे. जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढू लागली. एकदा ती पृष्ठभागाच्या जवळ आली, की दिव्याची वात तेल ओढते तशी काळी माती ते पाणी वर ओढते. वर ऊन असते. पाणी उडून जाते, क्षार राहतात. प्रथम बांधाच्या कडेला पांढरी झाक दिसते, मग उसाचे शेंडे पिवळे पडतात, आणि शेवटी सबंध शेतावर मीठ फुटते. सोडियम वाढले म्हणजे माती चिकट व घट्ट होऊन तिच्यातून पाणीच उतरत नाही. हीच चोपण जमीन. ज्या शेतासाठी कालवा आणला ते शेत अशा रीतीने लहानसे लोणार होऊन बसते.

नीरा खोऱ्यात हे इतक्या वेगाने घडले, की १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरेच्या खारपड जमिनींवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. पुढे १९१६ मध्ये मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी एक खास विभाग काढला आणि क्लॉड इंग्लिस हा अभियंता त्याच्या कामावर नेमला. त्याच्या प्रयोगांची जागा कोणती? आपले हडपसर. कालव्याचे पाणी चारीत मोजून कसे सोडावे आणि पाणथळ, खारवट जमिनी कशा सुधाराव्या, हे त्याचे विषय होते. फुल्यांची तोटी तीस-पस्तीस वर्षांनी सरकारी कागदावर आली, असे म्हणावयास हरकत नाही. हे संशोधन पुढे खडकवासल्याला हलले, आणि त्यातूनच आजचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र उभे राहिले. एवढ्या मोठ्या संस्थेचे मूळ आपल्या गावच्या चारीत आणि तिच्या काठच्या खारवट मातीत आहे, ही गोष्ट हडपसरमध्येही फारशी कोणाला ठाऊक नाही.

उपाय काय निघाला? पाणी देताना मोजून द्यावे, आणि दिलेल्या पाण्याचा काही भाग खोल चरांतून पुन्हा ओढ्याला, ओढ्यातून नदीला जाऊ द्यावा. त्याबरोबर क्षारही जातात. बॉयलरचा ब्लोडाउन तो हाच. कोकणातल्या खारभूमीच्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागले नाही. खाडीच्या काठी बांध घालून, उघाड्या बसवून तो समुद्राला अडवितो. पण पहिल्या पावसाचे पाणी साठवून ठेवीत नाही. ते शेतातून फिरवून, जमिनीतले मीठ धुऊन, ओहोटीच्या वेळी उघाडीवाटे बाहेर सोडतो, आणि मगच भात लावतो. ते पाणी वाया गेले असे तो कधी म्हणणार नाही. अलिबागजवळच्या चरी व आसपासच्या गावांत १९३३ पासून १९३९ पर्यंत ज्या कुळांनी खोतांविरुद्ध संप चालविला, ती याच खारपाट्यातली माणसे. निकृष्ट मानलेली जमीन आपण धुऊन पिकती केली आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते; हक्काची जाणीव त्या श्रमातूनच आली.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की आज आपण सबंध कृष्णा खोऱ्याचाच व्हॉल्व्ह बंद करीत आणला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत कृष्णा दरसाल सरासरीने सुमारे ५७ अब्ज घनमीटर पाणी समुद्राला देत होती. नंतर नागार्जुनसागर, श्रीशैलम, उजनी, आलमट्टी अशी धरणे झाली, लाखो हेक्टर जमीन भिजली, आणि २००१ ते २००४ या दुष्काळी काळात असे वर्ष आले की समुद्रापर्यंत एक अब्ज घनमीटरही पाणी पोहोचले नाही. अशा नदीला अभ्यासक 'बंद झालेले खोरे' म्हणतात. पाण्याच्या वहीत ही शंभर टक्के काटकसर दिसते. मिठाच्या वहीत मात्र उलटे दिसते. डोंगर झिजावयाचा थांबलेला नाही. क्षार निघतच आहेत. समुद्राला गेले नाहीत तर ते आपल्याच शेतात राहणार.

एक साधे गणित करून पाहावे. समजा, एक हेक्टर उसाला वर्षभरात वीस हजार घनमीटर पाणी दिले आणि त्या पाण्यात लिटरमागे एक ग्रॅमचा पाचवा भाग क्षार आहे. चवीला ते पाणी गोडच लागेल. तरी वर्षाकाठी शेतात चार टन क्षार येऊन पडले. त्यातला काही चुनखडी होऊन निरुपद्रवी बसेल. उरलेल्याला निचरा नसेल तर तो जाणार कोठे? सांगली-कोल्हापूरकडे वाळवा, मिरज, शिरोळ तालुक्यांत कृष्णाकाठची उत्तम जमीन अशीच क्षारपड झालेली आहे. तिकडून हडपसरच्या कारखान्यांत कामाला आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. बापाच्या नावावर चार एकर बागाईत, आणि मुलगा येथे कंत्राटी हेल्पर. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. पाझरलेले पाणी उताराने खाली येते. म्हणून पाणी जास्त वापरतो तो वरचा, आणि मीठ फुटते ते सखल जागेच्या शेतकऱ्याकडे. वरच्याने पाणी प्यावे आणि खालच्याने मीठ खावे, असा हा न्याय आहे.

आपल्या दारातही हा प्रश्न आला आहे. पुणे शहर खडकवासल्याचे पाणी पिते. त्याच्या बदल्यात शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते मुंढव्याजवळ नदीतून उचलावे आणि साडेसतरा नळीजवळ जुन्या बेबी कालव्यात सोडून पूर्वेकडच्या शेतीला द्यावे, अशी योजना झाली आहे. पाणी पुन्हा वापरणे यात वाईट काही नाही. आम्ही त्याचे स्वागतच करू. परंतु सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र घाण काढते, विरघळलेले मीठ काढीत नाही. घराघरांतली धुण्याची पावडर, कारखान्यांतले खारे पाणी, पाणी गाळण्याच्या यंत्रांतून बाहेर टाकलेले दाट पाणी, या सर्वांतले क्षार त्या कालव्याने शेतात जातात. द्राक्षाला खारटपणा फारसा सोसत नाही, म्हणून महाराष्ट्रातल्या बागाईतदारांनी 'डॉगरिज' नावाच्या रानटी द्राक्षवेलाच्या खुंटावर कलमे बांधण्यास सुरुवात केली. खुंट बदलून काही वर्षे निभावतील. माती बदलता येणार नाही.

धरणे बांधू नयेत, कालवे बुजवावेत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. याच धरणाच्या पाण्यावर आमच्या वस्त्यांतले नळ चालतात. आमचे म्हणणे एवढेच, की पाण्याचा हिशेब करताना मिठाचा हिशेब सोडू नये. कालव्याचे पाणी मापाने द्यावे. जेथे कालवा तेथे निचऱ्याचा चर, हे काम एकाच अंदाजपत्रकात धरावे. शेतीला सोडलेल्या सांडपाण्यातले क्षार दर महिन्याला मोजून आकडे गावच्या चावडीवर लावावेत. ज्याने खारे पाणी गटारात सोडले त्यालाच ते साफ करण्याचा खर्च द्यावयास लावावा. आणि नदीला समुद्रापर्यंत जाण्यापुरते पाणी हे उरलेसुरले म्हणून नव्हे, तर पहिल्या वाटपातच राखून ठेवावे. यातली एकही मागणी नवी नाही. पहिली फुल्यांनी केली होती, दुसरी याच हडपसरच्या मातीतून निघालेली आहे.

१९३० साली शिरोड्याच्या किनाऱ्यावर आपल्या लोकांनी मीठ उचलण्यासाठी लाठ्या खाल्ल्या. समुद्राचे मीठ ही सर्वांची मालमत्ता आहे, हे त्यांनी सरकारला ऐकविले. ते मीठ तेथे साठले ते नद्यांनी आणि पृथ्वीने कोट्यवधी वर्षे खपून, जमिनीला गोडी राहावी म्हणून. तेव्हा पुढच्या श्रावणात मुंढव्याच्या पुलावर उभे राहून कोणी म्हणाले, की केवढे हे पाणी वाया चालले, तर त्याला रागावू नये. ते पाणी आपल्या शेतांतले मीठ वाहून नेत आहे, एवढे त्याला समजावून सांगावे; आणि नेण्यापुरते पाणी तरी त्यात राहिले आहे काय, हे दोघांनी मिळून पाहावे.